थंडीत न लिहिला जाणारा बिट : ०.७२ व्होल्टवरच्या एसरॅमचं एक प्रकरण

पहिलं सिलिकॉन, म्हणजे कारखान्यातून बनून आलेली पहिली चिप, आमच्या हातात आलं तेव्हा पुण्यात जानेवारी होता. पाषाणला पारा आठ-नऊ अंशांवर उतरला की दुसऱ्या दिवशी पेपरात शेकोटीचा फोटो येतो, तसे दिवस. आमची चिप उणे ४० अंशांवर रडत होती, पण तिचा फोटो कोणी छापणार नव्हतं.

चिप मीटरसाठी होती. पाण्याचं किंवा गॅसचं मीटर, जे एकदा बसवलं की दहा-बारा वर्षं कोणी त्याला हात लावत नाही. आत ३.६ व्होल्टची लिथियम थायोनिल क्लोराइड बॅटरी असते आणि मीटर असेपर्यंत तीच पुरवायची असते. त्यामुळे करंटचा हिशोब किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखा, पै-पैचा. आमच्याकडे मीटर चालवणाऱ्या त्या मायक्रोकंट्रोलर चिपच्या पोटातल्या २ मेगाबिट एसरॅमचं, म्हणजे पुरवठा असेपर्यंत बिट धरून ठेवणाऱ्या मेमरीचं, काम होतं, २८ नॅनोमीटर तंत्रज्ञानात. आतला पुरवठा ०.९ ऐवजी ०.८ व्होल्ट ठेवायचा, असं ग्राहकानं ठरवलं होतं. स्विचिंगची ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे एवढ्याशा कपातीतही ती साधारण एक-पंचमांशानं उतरते. पुरवठा स्थिर ठेवणारा रेग्युलेटर १० टक्के खाली घसरू शकतो हे धरून मेमरी ०.७२ व्होल्टला, उणे ४० ते अधिक ८५ अंश सेल्सिअसमध्ये, चालायलाच हवी होती. ‘पुण्यात कुठे उणे चाळीस होतं?’ हा विनोद पहिल्या आठवड्यात ऑफिसातल्या प्रत्येकानं एकेकदा करून घेतला. मीटर लेहलाही लागतं.

माझ्याकडे मेमरीची लिहिण्याची बाजू होती. पुढे प्रकरण ज्या दिशेला गेलं ते पाहता, दोषाचा मोठा वाटा माझाच आहे हे आधीच सांगून टाकतो.

सहा ट्रान्झिस्टरांचं भांडण

एसरॅमचा एक बिट म्हणजे सहा ट्रान्झिस्टर. त्यातल्या चारांचे दोन इन्व्हर्टर होतात. ते एकमेकांची शेपटी तोंडात धरून बसलेले असतात. एकाचं उत्तर दुसऱ्याचा प्रश्न, त्यामुळे एकदा ठरलेलं मूल्य पुरवठा असेपर्यंत टिकतं. उरलेले दोन म्हणजे दारं, त्यांना ॲक्सेस ट्रान्झिस्टर म्हणतात. वर्डलाइन, म्हणजे एका ओळीतल्या दारांची तार, वर गेली की दारं उघडतात आणि आतलं मूल्य दोन बिटलाइनांवर, म्हणजे कॉलमच्या तारांवर, दिसू लागतं. लिहायचं असेल तर त्याच दारांतून आत घुसून, आधीचं मूल्य उलथवून टाकायचं.

सगळी अडचण या दारातच आहे. वाचताना दार कमजोर असलेलं बरं, नाहीतर बाहेरच्या बिटलाइनचा चार्ज आत घुसून साठवलेलं मूल्यच उलटवेल. लिहिताना तेच दार ताकदवान हवं, नाहीतर ‘१’ ला पुरवठ्याकडे धरून ठेवणारा आतला पी-मॉस ट्रान्झिस्टर तो सोडतच नाही. दार तर एकच. भरपूर व्होल्टेज असतं तेव्हा या दोन मागण्यांमध्ये ऐसपैस जागा असते आणि कोणालाच काही जाणवत नाही. व्होल्टेज उतरवत गेलं की ती जागा आकसते.

त्यात दाटीवाटी. २८ नॅनोमीटरमधला दाट बिटसेल, म्हणजे एका बिटाचे सहा ट्रान्झिस्टर, साधारण ०.१२७ चौरस मायक्रॉनचा असतो. आमचे २०,९७,१५२ बिटसेल नुसते शेजारी-शेजारी मांडले तर पाव चौरस मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त जागा लागते, खसखशीच्या दाण्यावर मावतील. (जाता जाता : चिपा बनवणाऱ्या टीएसएमसी कंपनीचा ७ नॅनोमीटरमधला सेल ०.०२७ चौरस मायक्रॉन होता, ५ मध्ये ०.०२१ झाला आणि ३ नॅनोमीटरच्या पिढीत जवळजवळ तिथेच अडकला. लॉजिक आकसत राहिलं, एसरॅमनं मात्र पाय रोवले. त्यामागची कारणं याच भांडणाच्या आसपासची आहेत.)

एवढ्या लहान ट्रान्झिस्टरमध्ये अशुद्धीचे अणू मोजून थोडे असतात. शेजारी-शेजारी, एकाच मास्कनं (चिपवर आकृती उमटवणाऱ्या साच्यानं) बनलेल्या दोन ट्रान्झिस्टरांमध्ये ते कमी-जास्त पडतात आणि दोघांचा थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या व्होल्टेजला ट्रान्झिस्टर ‘उघडतो’ तो उंबरठा, वेगळा होतो. १९८९ मध्ये फिलिप्सच्या मार्सेल पेल्ग्रोम आणि सहकाऱ्यांनी हे एका साध्या नियमात बांधलं : ही तफावत ट्रान्झिस्टरच्या क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. हिशोबासाठी ढोबळ आकडे धरू. रुंदी ८० नॅनोमीटर, लांबी ३५, पेल्ग्रोमचा स्थिरांक २ मिलिव्होल्ट-मायक्रॉन. एक सिग्मा, म्हणजे सरासरीपासून ढळण्याचं माप, आला ३८ मिलिव्होल्ट. दाराचा सरासरी थ्रेशोल्ड ०.४५ व्होल्ट धरला, तर चार सिग्मा वाईट असलेल्या दाराचा ०.६० होतो. असा वाईट ट्रान्झिस्टर दुर्मीळ खरा, पण आमच्याकडे दारं जवळपास ४२ लाख. त्यात असे शंभराहून जास्त निघतातच. आता थंडी घाला. तापमान उतरलं की थ्रेशोल्ड वर चढतो, अंशामागे साधारण १ मिलिव्होल्ट. २५ अंशांवरून उणे ४० ला गेलं की ६५ मिलिव्होल्टची भर. ०.६० चे झाले ०.६६५. हातात पुरवठा ०.७२.

५५ मिलिव्होल्ट उरले. त्यावर एका पी-मॉसशी कुस्ती जिंकायची.

‘चार सिग्मा’, ‘पाच सिग्मा’ हे शब्द मीटिंगमध्ये फार सहज फेकले जातात, म्हणून एक हिशोब मी फळ्यावर कायमचा लिहून ठेवला आहे. सेल पाच सिग्मापर्यंत टिकतो म्हटलं तर छान वाटतं. पण २ मेगाबिटमध्ये त्याचा अर्थ दर चिपमागे सरासरी ०.६ मेलेले बिट, म्हणजे शंभरातल्या सुमारे पंचेचाळीस चिपांत निदान एक बिट मेलेला. सहा सिग्मा झाले की हजारात दोन चिपा. एक सिग्माचा फरक, पण एका बाजूला धंदा आणि दुसऱ्या बाजूला दिवाळखोरी.

उधारीचे १२० मिलिव्होल्ट

५५ मिलिव्होल्टवर कोणी भागवत नाही. सगळे काही ना काही मदत घेतात. वर्डलाइन पुरवठ्यापेक्षा वर नेता येते, पण मग त्याच ओळीतले जे कॉलम लिहायचे नाहीत त्यांचीही दारं सताड उघडतात आणि त्यांचं मूल्य धोक्यात येतं. लिहिताना सेलचा पुरवठा क्षणभर खाली पाडता येतो. इंटेलनं २०१२ मध्ये २२ नॅनोमीटरच्या एसरॅममध्ये या जातीचा उपाय मांडला होता. आमच्या कमी व्होल्टेजला त्याच कॉलममधले बाकीचे सेल त्या क्षणात तग धरतील याची मला खात्री वाटेना.

आम्ही तिसरा रस्ता घेतला : बिटलाइनला शून्याच्या खाली नेणं. लिहिताना ड्रायव्हर बिटलाइन शून्यावर ओढतो. मग ड्रायव्हरचा जमिनीकडचा पाय तोडून तो अधांतरी ठेवायचा आणि एका छोट्या कपॅसिटरनं खालच्या दिशेला धक्का द्यायचा. बिटलाइन उणे १२० मिलिव्होल्टपर्यंत जाते. दाराच्या गेटवर, म्हणजे ते उघडणाऱ्या टोकावर, ०.७२ तसंच आहे, पण दुसरं टोक १२० नं खाली गेलं, म्हणजे मघाच्या ५५ चे १७५ झाले. पी-मॉसला हरवायला एवढं पुरतं.

या सगळ्यात एका गोष्टीवर सारी भिस्त आहे : धक्का कधी द्यायचा. बिटलाइन शून्याला पोहोचल्यावर. आधी नाही. ही वेळ ठरवायला मी कंट्रोल ब्लॉकमध्ये इन्व्हर्टरांची एक साखळी ठेवली होती. लिहिण्याचा हुकूम साखळीच्या एका टोकाला शिरतो, दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत बिटलाइन खाली आलेली असते, मग धक्का. सिम्युलेशनमध्ये सहा सिग्मा सुटले. अब्जावधी वेळा सर्किट चालवून पाहणं शक्य नसतं, म्हणून नेमके वाईट नमुनेच मुद्दाम जास्त उचलायची माँटे कार्लोची पद्धत वापरली. आलेख सुंदर दिसत होते, टेपआउट झालं, म्हणजे डिझाइन कारखान्यात गेलं.

काय दिसलं

मेमरी १६ तुकड्यांत होती, प्रत्येक १२८ किलोबिटचा. त्यातले बारा २५६ ओळी आणि ५१२ कॉलमांचे, म्हणजे आडवे. जागा बसेना म्हणून चार उभे केले होते, ५१२ ओळी आणि २५६ कॉलमांचे. आमच्या टेस्ट इंजिनिअर मॅडमनी मार्च सी-मायनस ही नेहमीची चाचणी लावली, ज्यात प्रत्येक पत्त्यावर एकूण दहा वेळा लिहिणं-वाचणं होतं. २५ अंशांना सगळं साफ, ८५ लाही साफ. उणे ४० ला, ०.७२ व्होल्टवर, तुरळक एकटे-दुकटे बिट पडायला लागले आणि त्यातले बहुतेक त्या चार उभ्या तुकड्यांत.

उभा तुकडा म्हणजे लांब बिटलाइन. लांब बिटलाइन म्हणजे जास्त कपॅसिटन्स, चार्ज धरून ठेवण्याची जास्त क्षमता. वाचताना सेल ती हळू खाली ओढतो, दोन बिटलाइनांतला फरक ओळखणाऱ्या सेन्स ॲम्प्लिफायरला तो पुरेसा मिळत नाही, उत्तर चुकतं. हे निदान इतकं स्वाभाविक होतं की आम्ही त्यावर जवळपास तीन आठवडे घालवले. सेन्स ॲम्प्लिफायरचा ऑफसेट पुन्हा काढला, तो चालू करण्याची वेळ ट्रिम बिटांनी, म्हणजे चिप बनल्यावरही बदलता येणाऱ्या सेटिंगांनी, मागे-पुढे केली. पडणारे बिट जागचे हलले नाहीत. थंडीत वाचण्याचा करंट कमी होतो हे खरंच आहे, त्यामुळे कोणालाही आपण चुकीच्या खोलीत झाडू मारतोय असं वाटत नव्हतं.

खोली बदलली ती मॅडमच्या एका वाक्यानं. लॅबमधून बाहेर येत त्या म्हणाल्या, “अहो, क्लॉक अठ्ठेचाळीसवरून एक मेगाहर्ट्झवर आणलाय. एका बिटाचाही फरक नाही.”

हे महत्त्वाचं का? चिप बाहेरून हळू चालवली तर हळू मार्गाला वेळ मिळायला हवा आणि चूक सुटायला हवी. सुटत नाही याचा अर्थ चुकीची वेळ बाहेरच्या क्लॉकवर बांधलेलीच नाही. मेमरीच्या आत जी घटना क्लॉकच्या एका कडेनं सुरू होऊन आपल्याच घड्याळानं पुढे जाते, तिच्यात खोट आहे. सेन्स ॲम्प्लिफायरची वेळ अशी आतली असते, पण ती तर आम्ही हलवून पाहिली होती. आतलं दुसरं घड्याळ एकच होतं, धक्क्याची वेळ ठरवणारी साखळी, आणि ती माझी.

वाचणं आणि लिहिणं वेगळं करणं

मार्च चाचणी ‘इथे १ हवा होता, ० मिळाला’ एवढंच सांगते. तो लिहिलाच गेला नाही की वाचताना बिघडला, हे ती सांगत नाही. वेगळं करायची युक्ती जुनी आणि सोपी आहे, आम्ही ती पहिल्या दिवशी करायला हवी होती. थंडीतच पुरवठा ०.९ वर नेऊन पूर्ण मेमरी लिहायची, मग ०.७२ वर उतरून नुसती वाचायची. सगळं बरोबर आलं. आता उलट : ०.७२ वर लिहायचं, ०.९ वर नेऊन वाचायचं. तेच बिट, त्याच पत्त्यांवर, चुकीचे.

सेन्स ॲम्प्लिफायर निर्दोष सुटला. तीन आठवड्यांची त्याची बदनामी कोणी भरून दिली नाही.

आता उभ्या तुकड्यांचं कोडंही दुसऱ्या अंगानं सुटायला लागलं. लांब बिटलाइन लिहितानाही त्रास देते, आणि दुहेरी. तिला शून्यावर यायला जास्त वेळ लागतो, आणि कपॅसिटरचा धक्का तिच्या जास्त कपॅसिटन्समध्ये वाटला गेल्यानं उथळ पडतो. टेस्ट चिपवर बिटलाइनचं व्होल्टेज थेट मोजायची सोय आम्ही ठेवली नव्हती (पुढच्या वेळी ठेवली), त्यामुळे उलट्या बाजूनं जावं लागलं. सिम्युलेशनमध्ये साखळीचा उशीर मुद्दाम कमी-कमी करत, सिलिकॉनवर पडलेत तेवढे बिट कधी पडतात ते पाहायचं. उत्तर आलं : धक्का बसतो तेव्हा बिटलाइन अजून ९० मिलिव्होल्टच्या आसपास वर असेल तर.

९० वरून १२० खाली गेलं की उरतं उणे ३०. आम्हाला तळघरात उतरायचं होतं. आम्ही पहिल्या मजल्यावरून एक जिना उतरलो आणि तळमजल्यावर उभं राहून तळघर समजत होतो.

दोन जाती, दोन चाली

साखळी वेळेआधी का धावली, हा या प्रकरणातला खरा प्रश्न. बाकीचं सगळं इथपर्यंत येण्यासाठीची पायपीट होती.

एकाच चिपवर दोन-तीन जातींचे ट्रान्झिस्टर मिळतात. कमी थ्रेशोल्डचे, म्हणजे एलव्हीटी, चपळ पण गळके. जास्त थ्रेशोल्डचे एचव्हीटी सुस्त पण घट्ट. कंट्रोल ब्लॉक एका तुकड्यात एकच असतो, त्याला गळती परवडते आणि पत्ता उलगडणारा डीकोडर जलद हवा असतो, म्हणून तिथे सगळं एलव्हीटी. साखळीही तिथलीच, एलव्हीटी. याउलट लिहिण्याचा ड्रायव्हर आणि त्यापुढचा कॉलम निवडणारा स्विच शेकडो कॉलमांवर पुन्हा-पुन्हा येतो. तिथे गळती ठेवली तर मीटरची बॅटरी नुसती बसून संपेल, म्हणून तिथे एचव्हीटी. दोन्ही निर्णय आपापल्या जागी शहाणपणाचे होते. आजही मी तेच घेईन.

पण मग बिटलाइन खाली आणणारा एचव्हीटी आणि ‘बिटलाइन आता खाली आली असेल’ हे ठरवणारा एलव्हीटी. एक धावतो, दुसरा त्याच्या वतीनं घड्याळ बघतो.

खोलीच्या तापमानाला हे निभतं. एचव्हीटीचा थ्रेशोल्ड ०.५० आणि एलव्हीटीचा ०.३५ धरा, पुरवठा ०.७२. एकाला वर उरतात २२० मिलिव्होल्ट, दुसऱ्याला ३७०, गुणोत्तर साधारण १.७. थंडीत दोघांचाही थ्रेशोल्ड ६५ नं चढतो. १५५ आणि ३०५ उरतात. तोटा दोघांना सारखाच झाला, पण गरिबाच्या खिशातून गेलेले ६५ आणि श्रीमंताच्या खिशातून गेलेले ६५ सारखे नसतात. गुणोत्तर २.० वर गेलं. भरपूर व्होल्टेजवर थंडीत सर्किट उलट जलद होतं, कारण तिथे इलेक्ट्रॉनांची हालचाल सुधारल्याचा फायदा थ्रेशोल्डच्या तोट्यावर मात करतो. कमी व्होल्टेजला हे पारडं उलटतं आणि थंडीच वाईट टोक होते. हे आम्हाला ठाऊक होतं, तपासलंही होतं. आम्ही सुस्त कॉर्नर (उत्पादनातल्या फरकाचं सुस्त टोक) घेतला, म्हणजे दोघांचे थ्रेशोल्ड आणखी ४० नं वर : ११५ आणि २६५, गुणोत्तर २.३. त्याला साखळी पुरत होती. जेमतेम, पण पुरत होती.

गोची अशी की जी वेफर, म्हणजे चिपा जिच्यावर बनतात ती सिलिकॉनची चकती, चाचणीत पडत होती ती सुस्त कॉर्नरची नव्हतीच. साध्या, मधल्या प्रक्रियेची होती. मुद्दाम सुस्त बनवून घेतलेली वेफर थंडीत व्यवस्थित पास होत होती. सुरुवातीला यावर कोणाचा विश्वासच बसेना, वेफरांची लेबलं अदलाबदल झालीत का इथपर्यंत चौकशी झाली. सुस्त वेफरवर पी-मॉसही सुस्त असतो, त्यामुळे लिहिण्याची कुस्ती तिथे थोडी सोपी होते, हा त्यातला एक भाग. दुसरा भाग फॅबनं, म्हणजे चिप बनवणाऱ्या कारखान्यानं, पाठवलेल्या मोजमापांच्या तक्त्यात होता. तो तक्ता टेपआउटपासून आमच्या सर्व्हरवर पडून होता, आणि तोपर्यंत तो फक्त ‘सगळे आकडे मर्यादेत आहेत ना’ एवढ्यापुरता उघडला गेला होता.

मर्यादेत होतेच. त्या वेफरवर एचव्हीटी एन-मॉस (बिटलाइन खाली ओढणारा ट्रान्झिस्टर) मधल्या मूल्यापेक्षा साधारण २० मिलिव्होल्ट वर होता, एलव्हीटी साधारण २० खाली. दोन्ही जातींचे थ्रेशोल्ड ठरवणारे इम्प्लांट, म्हणजे अशुद्धी पेरण्याच्या पायऱ्या, वेगळे, त्यांचे मास्क वेगळे, दिवस वेगळा, कदाचित मशीनही वेगळं. एक चढला म्हणून दुसऱ्यानं चढावं असं कुठेही लिहिलेलं नाही. थंडीतले १५५ झाले १३५, ३०५ झाले ३२५. गुणोत्तर २.४. दोघंही आपापल्या हद्दीत होते, एकमेकांपासून मात्र लांब गेले होते, आणि आमचं मार्जिन २.३ ला संपत होतं.

आमच्या तपासणीच्या यादीत ‘दोघं सुस्त’ होतं, ‘दोघं चपळ’ होतं. एक सुस्त आणि दुसरा चपळ, हे नव्हतं. एन-मॉस आणि पी-मॉस एकमेकांविरुद्ध गेले तर काय, हे मेमरीवाले पहिल्या वर्षापासून तपासतात, कारण लिहिण्याचं वाईट टोक तिथेच सापडतं. पण एन-मॉसच्याच दोन जाती एकमेकांपासून फारकत घेतील हे यादीत कधी शिरलंच नव्हतं. भरपूर व्होल्टेजच्या दिवसांत ४० मिलिव्होल्टच्या फारकतीला कोणी विचारतही नसे. यादी त्या दिवसांतली होती आणि आम्ही ती ०.७२ व्होल्टला तशीच वापरली.

औषधं, आणि त्यांचे त्रास

पहिला मोह अर्थातच धक्का मोठा करायचा. कपॅसिटरचा आकार वाढवायला ट्रिम बिट होते. ते पूर्ण उघडले, थंडीतले बहुतेक बिट सुधारले आणि ऑफिसात अर्धा दिवस सणाचं वातावरण होतं. मग मॅडमनी ८५ अंशांवर एक वेगळी चाचणी लावली : एकाच कॉलममध्ये सतत शून्य लिहीत राहायचं आणि मग त्याच कॉलममधल्या बाकीच्या, न निवडलेल्या सेलांची खुशाली विचारायची. काहींनी आपलं मूल्य टाकलं होतं.

कारण स्पष्ट आहे. बिटलाइन त्या कॉलममधल्या सगळ्यांची सामाईक असते. न निवडलेल्या सेलचं दार बंद म्हणजे गेट शून्यावर. पण बिटलाइन उणे १९० ला गेली की त्या बंद दाराच्या गेट आणि सोर्समध्ये (बिटलाइनकडच्या टोकामध्ये) १९० मिलिव्होल्टचा फरक येतो. गरम चिपमध्ये ढोबळमानानं दर ९० मिलिव्होल्टला गळती दसपट होते असं धरलं, तर दार शंभरपटीपेक्षा जास्त गळायला लागतं. उष्णतेत तर साखळी आणि ड्रायव्हर बरोबर जुळत होते, धक्का पूर्ण खोल जात होता. म्हणजे जिथे धक्क्याची गरज नव्हती तिथे तो सगळ्यात मोठा, आणि जिथे गरज होती तिथे अपुरा. ट्रिम परत जागेवर गेले.

दुसरी सूचना ईसीसीची आली, वरून. ‘एकटे बिट पडताहेत ना, मग दुरुस्त करणारा कोड टाका.’ ३२ बिटांच्या शब्दाला एक चूक सुधारून दोन ओळखायच्या तर ७ बिट जादा लागतात, म्हणजे जवळपास २२ टक्के जास्त सेल, ते सगळे बॅटरीवर. ते सोडा. मला त्यातली दुसरी गोष्ट खटकते : ईसीसी ठेवायचा तो वैश्विक किरणांसारख्या अवचित येणाऱ्या चुकांसाठी. जन्मतःच आजारी बिटावर तो खर्च झाला की त्या शब्दात अवचित येणाऱ्याला जागाच उरत नाही. शिवाय थंडी उतरली की आजारही उतरतो, त्यामुळे किती शब्द असे उघडे पडलेत हे खोलीच्या तापमानाला कळणारही नाही. हा वाद मी जिंकलो असं म्हणवत नाही, क्षेत्रफळाचा आकडा पाहून तो आपोआप मिटला.

खरा मार्ग साखळीला उशीर करण्याचा. पण सगळे मास्क नव्यानं करायचे तर खर्च आणि वेळ दोन्ही हाताबाहेर. फक्त धातूच्या वरच्या थरांत बदल करून काय साधतं ते बघायचं होतं. इथे आमच्या लेआउटच्या, म्हणजे चिपवरची मांडणी आखणाऱ्या, काकांची जुनी सवय कामी आली. वयानं आम्हा सगळ्यांपेक्षा मोठे, त्यामुळे पूर्ण टीमचे काका. कोपऱ्यात जागा उरली की तिथे चार-सहा इन्व्हर्टर बिनजोडणीचे टाकून ठेवायचे, ‘असू दे, लागेल’. आजीच्या ट्रंकेतल्या सुतळीसारखं. साखळीच्या शेजारी असे चार होते. मी विचारलं, “काका, हे एलव्हीटी आहेत ना?” काका म्हणाले, “नाही रे. रिकामं बसणाऱ्याला कशाला गळकं ठेवायचं? एचव्हीटी टाकलेत.”

याहून चांगली बातमी त्या महिन्यात मला मिळाली नव्हती. चार एलव्हीटी जोडले असते तर नुसता उशीर वाढला असता, चाल तीच राहिली असती. एचव्हीटी जोडल्यामुळे साखळीचा एक भाग आता ड्रायव्हरसारखाच थंडीत सुस्तावणार होता. दोन धातूंच्या थरांचे मास्क बदलले. लिहिण्याला वेळ थोडा जास्त लागू लागला, पण ४८ मेगाहर्ट्झला एका चक्रात जवळपास २१ नॅनोसेकंद असतात, तिथे कोणाला टोचलं नाही.

उत्पादनात प्रत्येक चिप उणे ४० ला तपासणं महाग पडतं. म्हणून खोलीच्या तापमानालाच पुरवठा ०.६५ पर्यंत उतरवून लिहिण्याची चाचणी ठेवली. थंडीमुळे थ्रेशोल्ड ६५ नं चढतो, तर तेवढंच, आणि वर थोडं, व्होल्टेज काढून घ्यायचं. अगदी तेच होत नाही. दोन जातींचं गुणोत्तर मात्र या रस्त्यानंही तसंच बिघडतं, आणि आम्हाला पकडायचं होतं तेच.

सुधारलेलं सिलिकॉन परत आलं तेव्हा पुण्यात आंबे सुरू झाले होते. थर्मल चेंबरमध्ये उणे ४०, ०.७२ व्होल्ट, उभे तुकडे : साफ. दोन चिपांमध्ये बिट पडले, पण ते प्रत्येक तापमानाला पडत होते, म्हणजे साधे उत्पादनदोष. जादा ठेवलेल्या ओळी वापरून तेही भागले. तपासणीच्या यादीत आता दोन जातींच्या उलटसुलट जोड्यांचे चार नवे कॉर्नर आहेत. त्यामुळे रात्रभराचं सिम्युलेशन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लांबतं, आणि सर्व्हरचा हिशोब ठेवणारे माझ्याकडे त्या नजरेनं बघतात.

पुढच्या आवृत्तीत साखळी राहणार नाही. तिच्या जागी एक खोटा कॉलम असेल, त्याच एचव्हीटी ड्रायव्हरचा, तेवढ्याच लांबीच्या बिटलाइनचा. ती खोटी बिटलाइन खरोखर खाली आली की मगच धक्का. म्हणजे धावणाराच घड्याळ बघेल. यावर काकांचं आणि माझं अजून एकमत नाही. त्यांचं म्हणणं, प्रत्येक तुकड्यात एक कॉलम फुकट घालवायचा तर क्षेत्रफळाचा जाब त्यांना द्यावा लागतो. माझी भीती वेगळी आहे : खोट्या कॉलमचा ड्रायव्हर हासुद्धा एकच ट्रान्झिस्टर, पेल्ग्रोमच्या नियमातून त्यालाही सुटका नाही. तो नेमका चपळ निघाला तर पूर्ण तुकड्याचा धक्का पुन्हा लवकर पडेल. म्हणून मला एकाऐवजी चार खोटे ड्रायव्हर आणि चार खोट्या बिटलाइनी समांतर जोडून हव्या आहेत. चाल तीच राहील, पण चौघांची सरासरी निघेल आणि तफावत निम्म्यावर येईल. चार कॉलम म्हटल्यावर काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि पुढची मीटिंग सोमवारी ठेवली आहे.